डुकरं दिसायला नकोत

माझी शेवटची पोस्टिंग आसामात होती. मी मुदखेडचा, बटालियनमध्ये सॅनिटेशन हवालदार. गटारं, टाक्या आणि डास हे माझं काम. सिव्हिलमध्ये सांगितलं की लोक हसतात. त्यांना वाटतं, सैनिक फक्त गोळीनं मरतो.

कॅम्पच्या तिन्ही बाजूंना भातखाचरं, त्यात बगळे. बड्या खान्यासाठी, म्हणजे सगळ्या बटालियनच्या मेजवानीसाठी, लंगरच्या उष्ट्यावर पंधरा डुकरं पाळलेली, रोडच्या कडेला, बॅरेकपासून लांब. लांब का, ते मेडिकल ऑफिसरनी शिकवलं होतं. मेंदूज्वराचा विषाणू बगळ्यात असतो. डास तो डुकरात नेतो, तिथं तो वाढतो, मग डासच तो माणसात आणतो. बगळा ठणठणीत, डुक्करही बहुधा ठणठणीत. मरतो तो माणूस. म्हणून डुकरं लांब आणि दिवस मावळायच्या आत बाह्या खाली. म्हशीलाही कळावं इतकं सोपं.

क्वार्टरमास्टर साहेबांना कळलं नाही. इन्स्पेक्शन आठवड्यावर आलं होतं.

"सुअर दिखने नहीं चाहिए. चार नंबर बैरक के पीछे डालो."

"सर, वहाँ जवान सोते हैं."

"हफ्ते की बात है, हवालदार."

१६०० वाजता डुकरं हलवली. १७०० वाजता मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'डुकरं राहत्या जागेपासून लांब आहेत', आणि खाली सही ठोकली. साहेबांना मी मूर्ख म्हणतो. स्वतःला काय म्हणायचं, तो शब्द इथं छापता येणार नाही.

चार नंबरमध्ये लान्स नायक बालाजी बिरादार होता, उदगीरकडचा. आपल्या भागातले आम्ही दोघंच. तो व्हॉलीबॉलवरून आला, बाह्या वर.

"हवालदार, काय करून राहिलाव हे? डुकराशेजारी आमची कॉट?"

"आठ दिवस."

"तुमी म्हणताव म्हून. बरं हाय."

जनरल साहेब आले. चुना मारलेले दगड बघून वीस मिनिटांत गेले. डुकरं तिथंच राहिली, कारण ती परत न्यायचा हुकूम कुणी काढला नाही. मी एकदा आठवण दिली. एकदाच.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी ०६०० च्या फॉल-इनला बालाजी नव्हता. ०९०० ला तापात बरळत होता. दुपारी झटके आले. ऑपरेटरनं वायरलेस उचलला.

"कॅज्युअल्टी वन. हाय फिवर, अनकॉन्शस. हेलिकॉप्टर मागतोय. ओव्हर."

"निगेटिव्ह. वेदर खराब. बाय रोड आणा. ओव्हर."

पाचव्या दिवशी ११२० ला तो गेला. मेंदूज्वरच होता. डुकरं त्या दिवशीही पोटभर जेवली.

रिटायर झाल्यावर मी दर पंधरा ऑगस्टला बालाजीच्या गावी जातो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर शहिदांचा बोर्ड आहे. त्यावर त्याचं नाव नाही.

"तापानं गेला की हो," सरपंच गेल्या वर्षी म्हणाला. "मच्छर चावलेल्याला शहीद कसं म्हणावं?"

एवढं बोलून या शहाण्यानं डास मारायचं धुराचं मशीन सुरू करायला लावलं, स्वतः हातात धरलं, फोटो काढला आणि बंद केलं. भिंतीमागच्या गटारात सात डुकरं लोळत होती. फोटोत ती येणार नव्हती. इथंही तेच, दिसायला नकोत.

माझं डोकं फिरलं. बालाजीची बायको सुशीला वहिनी समोरच उभी होती. सगळ्या गावासमोर मी तिला डुकरांचं, रजिस्टरचं आणि माझ्या सहीचं सांगितलं. वाटलं, ती थोबाडीत मारेल. मारायलाच हवं होतं.

तिनं भिंतीमागच्या गटाराकडं बघितलं. मग म्हणाली, "भाऊजी, तवा खोटं लिवलाव. आता खरं लिवा."

"काय लिहू?"

"ही डुकरं. माझं घर त्या गटारापशी हाय."

मी तिथंच पायरीवर बसून ग्रामपंचायतीला अर्ज लिहिला. किती डुकरं, कुठं, कोणत्या वेळी पाहिली. खाली सही केली. साक्षीदार म्हणून वहिनीनं पेन घेतलं आणि एकेक अक्षर जोर देऊन पूर्ण नाव लिहिलं. सुशीला बालाजी बिरादार.

सरपंचाला एक प्रत दिली. दुसरी शहिदांच्या बोर्डाखाली मी स्वतः डिंकानं चिकटवली. बालाजीचं नाव त्या भिंतीवर लागलं.