फुकटचे तीन निरोप

मुलगी अमेरिकेत नोकरीला आहे. सुट्टी मिळाली की माणसं गावाकडं येतात. ती पाठीवर तंबू घेऊन डोंगरात जाते. यंदा पाच दिवस, आणि तेही एकटी. तिथं मोबाइलला रेंज नसते, म्हणून थेट उपग्रहावरून निरोप धाडणारं यंत्र घ्यायचं ठरलं. तिनं तीन यंत्रांची माहिती मला पाठवली आणि विचारलं, "बाबा, कुठलं घेऊ?" कंधारात माझं पाण्यातल्या मोटारींचं दुकान आहे. बुडून चालणाऱ्या वस्तूंतलं बापाला कळतं, एवढाच तिचा आधार असावा.

मी पहिला प्रश्न तोच विचारला. पाण्यात पडून तिन्ही चालत होती. मग एक यंत्र बाद केलं, कारण मोबाइलला जोडल्याशिवाय ते काही लिहूच देत नव्हतं. मोबाइल मेला की हेही मुकं. दुसरं फार जड. तिसऱ्याला स्वतःचा पडदा होता, बटणं होती, आणि एक धोक्याचं लाल बटण होतं. ते दाबलं की सुटकेची माणसं निघतात.

"अभद्र कुठलं," बायको म्हणाली. "ते बटन काढून देतेत का इचारा."

काढून देत नव्हते. तरी तेच घेतलं.

खरा घोळ प्लॅनचा. महागड्या प्लॅनमध्ये हवं तेवढं लिहा, शिवाय ती कुठं आहे तो ठिपका नकाशावर सरकताना बघत बसा. स्वस्तातल्यात लिहायचे निरोप मोजकेच. पण आधी ठरवून ठेवलेले तीन निरोप कितीही वेळा पाठवा, फुकट. मी ताबडतोब स्वस्तातला सांगितला. आम्हाला त्याची सवय होती. अकरावी-बारावीला ती लातूरला होस्टेलवर होती तेव्हाही घरात हाच प्लॅन चालायचा: एक मिस्ड कॉल म्हणजे पोचले, लागोपाठ दोन म्हणजे जेवले. रात्री ते दोन आल्याशिवाय बायको ताटावर बसायची नाही.

आता बायकोला शुगर आहे. गोळी घेतली की लगेच जेवायचं असतं. गोळी ती वेळेवर घेते, जेवण मात्र पोरीच्या खबरीनंतर. मागं एकदा मुलीचा फोन लागला नाही, तर गोळी घेऊन वाट बघत बसली आणि ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. त्यामुळं मला डोंगरापेक्षा ओट्याची भीती जास्त वाटत होती. मुलीलाही हे माहीत होतं.

तीन निरोप ठरवायला घरात बैठक झाली. पहिला "पोचले". दुसरा "जेवले". तिसरा मी सुचवला, "उशीर होईल, काळजी करू नका."

"काळजी करू नका म्हणलं की मगच काळजी लागती," बायको म्हणाली. म्हणून तिसरा "बरी आहे" ठेवला.

पाचही दिवस निरोप आले. "जेवले" तर आम्ही ताटावर बसायच्या वेळेलाच, अगदी नेमका. बायको खूश. "बघा, पोरगी डोंगरात बी टायमावर जेवून राहिली." आपली रात्र म्हणजे तिकडची सकाळ, हे काही मी तिला सांगितलं नाही. डोंगरात कोण कधी जेवतं, कुणास ठाऊक.

डोंगर उतरल्यावर मुलीचा फोन आला. बायको आत भाकरी थापत होती. मुलगी हसत सांगत होती की दुसऱ्याच दिवशी शेगडी पावसात भिजली, ती पेटलीच नाही; पुढचे दिवस मूठ-मूठ बदामांवर काढले.

"मग जेवले, जेवले कसं येत होतं?"

"त्या वेळेला आईची गोळी असते ना, बाबा."

ती पुढं म्हणाली, "होस्टेलला पण रविवारी रात्री मेस बंदच असायची की."

दोन वर्षांत एकाही रविवारी ते दोन मिस्ड कॉल चुकले नव्हते. ते आले की आम्ही दोघं पोटभर जेवायचो.

पिठाचे हात तसेच घेऊन बायको दारात आली. "काय म्हणती? जेवली का?"

"जेवली," मी म्हणालो. "तू बस आता ताटावर."