कुंकवाचा डाग आणि पडताळणीचा शिक्का

मी नर्स आहे. अकरा वर्षं वॉर्डात माणसं जाताना पाहिली, गेलेलं एकही परत आलेलं पाहिलं नाही. त्यामुळे असलं काही कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून चहा ठेवायला जायची. आज मीच सांगतेय... हसायचं तर हसा.

मला जर्मनीतल्या एका हॉस्पिटलमध्ये नोकरी मिळाली होती. व्हिसाची तारीख पंधरा दिवसांवर. त्याआधी नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर अपॉस्टिल, म्हणजे परदेशात चालणारा सरकारी शिक्का हवा होता. आणि त्याच्याही आधी सोलापुरातल्या एका ऑफिसचा पडताळणीचा शिक्का. त्या ऑफिसचं नाव घेत नाही. जिन्याच्या प्रत्येक कोपऱ्यात तंबाखूच्या माव्याच्या पिचकाऱ्या, खिडकीच्या कठड्यावरसुद्धा.

माझं सर्टिफिकेट लॅमिनेट केलेलं होतं. ते अण्णांचं काम. अण्णा म्हणजे माझे वडील, शाळेत शिपाई होते. तीन वर्षांपूर्वी गेले. सर्टिफिकेट मिळालं तेव्हा त्यांनी ते देवापुढे ठेवून कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि तसंच सात रस्ता चौकात नेऊन लॅमिनेट करून आणलं. "आता कंदी खराब व्हायचं न्हाय बघ," म्हणाले. पण प्लास्टिकवर शिक्का बसत नाही, म्हणून मी ते प्लास्टिक जीव मुठीत धरून काढून घेतलं. कागद वाचला. कुंकूही तसंच राहिलं.

ऑफिसातल्या क्लार्कनं कागद पाहिला, अंगठा जिभेवर ओला केला आणि कुंकवावर घासला! माव्याची ती जीभ, आणि अण्णांनी लावलेलं कुंकू... शी! डाग बोटभर पसरला.

"डाग हाय की. ह्याच्यावर शिक्का न्हाय बसत. डुप्लिकेट काढा."

"किती दिवस लागतील, भाऊसाहेब?"

"सा म्हैने धरा."

"अहो, माझा व्हिसा आहे पंधरा दिवसांत. नोकरी जाईल."

"मग नका जाऊ की."

साहेबांना दाखवतो म्हणून त्यानं कागद ड्रॉवरमध्ये टाकला. तो गुरुवार होता. जुळे सोलापूरला घरी पोचल्यावर मी तीन वेळा साबणानं हात धुतले. शुक्रवारी माझी ड्यूटी होती. सोमवारी भांडायच्या तयारीनंच गेले.

मला बघून क्लार्क चक्क उभा राहिला. सर्टिफिकेट समोर ठेवलं. मागे शिक्का, सही. पुढे कोपरा स्वच्छ... डागाचा मागमूस नाही.

"कुणी पुसला?"

"तुमच्या वडलांनी. शुक्रवारी आल्ते की. रुमालाच्या टोकानं पुसला. मला हात लावू दिला न्हाय."

"माझे वडील वारलेत."

त्याला ते खरं वाटेना. "खाकी कपडे, हातात कापडी पिशवी? दहाला आले, पाचपर्यंत हितंच उभे. दोनदा बसा म्हणलं, तर म्हणे, सायबाम्होरं बसत न्हाय."

नोकरीच्या सगळ्या वर्षांत अण्णा हेडमास्तरांच्या खोलीत एकदाही खुर्चीवर बसले नव्हते.

"दहा ते पाच? एका शिक्क्यासाठी?"

"जेवाय गेल्तो... मग मीटिंग हुती," तो खाली बघत पुटपुटला.

दारातल्या रजिस्टरमध्ये शुक्रवारची नोंद होती. अण्णांचं नाव, त्यांच्याच तिरक्या अक्षरात. कामाच्या रकान्यात लिहिलं होतं – 'मुलीचा कागद'. मी फोटो काढला. मला भाऊ नाही, काका नाही. कागद तिथे अडकल्याचं आईशिवाय कुणाला माहीतही नव्हतं. आईनं फोटो पाहिला, अक्षर ओळखलं आणि फोन पालथा ठेवला.

कोण आलं होतं, डाग कसा गेला, मला आजही सांगता येत नाही. पुढचे शिक्के वेळेत मिळाले. हे मी जर्मनीतूनच लिहितेय. भीती नाही का वाटली, असं सगळे विचारतात. नाही वाटली. किळस वाटली, अजूनही वाटते. मेल्यावरसुद्धा माझ्या बापाला त्या माणसानं सात तास उभं ठेवलं.