शाळेतली आई

ताईला जाऊन सहा आठवडे झाले. आमच्या घरी बातमी आली ती भाऊजींच्या फोनवरून. शाळेत मात्र ती पोचली अशी, की माझ्या अन्वीची आई वारली! शाळेच्या बसमधल्या बाईंनी कुणाच्या तरी स्टेटसला ताईचा फोटो पाहिला आणि ओळखला. चौथ्या दिवशी माझी लेक दप्तरातून एक मोठं कार्ड घेऊन आली. पांढरी फुलं, वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या, आणि आई गेल्याबद्दल इंग्रजीत दोन ओळी. मी चपात्या लाटत होते. जिवंत बाईनं असलं कार्ड ठेवायचं तरी कुठं?

आता खरं सांगूनच टाकते... आम्ही मळवलीचे. नवरा कंपनीत, मी पतसंस्थेत कारकून. अन्वीसाठी तळेगावची इंग्रजी शाळा हेरली, तर तिथं प्रवेशाआधी आईबापाची मुलाखत, तीही इंग्रजीतून. ह्यांचं कसंबसं निभलं असतं. मला मात्र नुसत्या विचारानंच घाम फुटायचा. ताई घोरावाडीकडच्या सरकारी शाळेत शिकवायची, इंग्रजी फाडफाड बोलायची. मी तिला म्हटलं, "माझ्या जागी तू बस ना. एकदाच."

ती अशी भडकली! "मी दारोदार फिरून आमच्या शाळेसाठी पोरं मागते, आणि तू मला तिकडं आई म्हणून मिरवायला सांगतेस? लाज कशी वाटत नाही गं?" दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी माझी चांगली साडी नेसून ह्यांच्याबरोबर मुलाखतीला गेली. कागदावर नाव माझं, चेहरा तिचा.

एकदाच कसलं! पाच वर्षं प्रत्येक पालकसभेला तिलाच जावं लागलं. आमची आई कुरवंड्याहून आली की सुनावायची, "आईलाच जाता येत न्हाई, ती कसली गं शाळा? आमी बी पोरी शिकवल्याच की." मी तिच्यावर खेकसायचे. फी भरताना ओढाताण व्हायचीच, पण त्याहून मोठी धास्ती हे उघडं पडेल याची. बाजारात शाळेचा गणवेश दिसला तरी मी तोंड फिरवायचे. एकदा ताईला विचारलं, "आपल्यासारख्यांना परवडतं का गं हे?" ती वह्या तपासत होती. म्हणाली, "वाचायला माझ्या शाळेतही आलं असतं तिला. तू घाबरतेस म्हणून फी भरतेस... आणि भरूनही घाबरतेसच." मला राग आला होता. तिचं चुकलं काय होतं, सांगा.

ताई गेल्यावर अन्वी रडली नाही. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळे ताईला श्रद्धांजली वाहत होते, तेव्हासुद्धा कोरडी. मी जवळ घेतलं तर म्हणाली, "शाळेत रडू आलं की सगळे म्हणतात, आईसाठी रडतेय. मग मी रडतच नाही." पोरीला शाळेतून काढून टाकतील, या भीतीनं मी तिचं रडणंसुद्धा अडवून ठेवलं होतं.

परवाच्या पालकसभेला मी गेले. वर्गशिक्षिका उठून उभ्या राहिल्या. "तुम्ही मावशी ना? अन्वीची आई नेहमी सांगायच्या, घरी सगळा अभ्यास हिची मावशीच घेते, फार कष्टाळू बाई आहे." ताई माझ्या खुर्चीत बसून माझंच कौतुक करत होती... पाच वर्षं, आणि मला एका शब्दानं सांगितलं नाही.

त्यांनी पालकांच्या सह्यांची वही पुढं सरकवली. वर्षभराच्या सह्या, नाव माझं, अक्षर ताईचं, फळ्यावरच्यासारखं सरळ. त्यांच्याखाली मी तेच नाव माझ्या वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं. "मॅडम, हिची आई मी. गेली ती माझी ताई, हिची मावशी." मराठीतच बोलले.

मॅडमनी दोन्ही अक्षरं ताडून पाहिली. मग म्हणाल्या, "हे मला वर कळवावं लागेल." सोमवारी मुख्याध्यापकांनी बोलावलंय. काय होईल, ठाऊक नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या अन्वीनं ताईच्या सहीवर हात ठेवला आणि भर वर्गात, सगळ्यांदेखत, "मावशी गं..." म्हणत ती हमसून हमसून रडली.