दोन आठवडे अपूर्ण

मोशीहून चाकणला कंपनीची बस सकाळी सव्वासहाला निघायची आणि चौकातल्या गर्दीत तिला कधी तास, कधी दीड तास लागायचा. लग्न करून लातूरकडून मी इथं आले, कामाला लागले, तेव्हा त्या बसमध्ये माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती ताई. मोशीच्या जुन्या घरातली, चाळिशी ओलांडलेली, वायरिंगच्या लाइनवर माझ्या शेजारीच उभी राहणारी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिनं माझ्या हातातला फोन घेतला आणि त्यात शेतीचा एक खेळ टाकून दिला. "खिडकीतनं ट्रक बगून डोळं दुखत्यात," म्हणाली. "हे खेळ. मी शिकवते."

खेळ साधा होता. गहू पेरायचा, कोंबड्यांना दाणे घालायचे, पाव भाजून विकायचे. ताईच्या सासरची जमीन केव्हाच विकून झाली होती. फोनमधला कांदा सडत नाही याचंच तिला कौतुक. बसमधल्या सोळा बायकांचा तिनं एक गट केला होता. गटात एकमेकींना लिहायची सोय होती आणि खरं तर बायका त्यासाठीच यायच्या. आज डब्यात काय, कुणाच्या मुलीला ताप आलाय, कुणाची नणंद मुक्कामाला येऊन बसलीये. दर गुरुवारी दुपारी एकला गटागटांची शर्यत सुरू व्हायची, ती बुधवारी सकाळी संपायची. प्रत्येकीला नऊ कामं करायची असत. आमचा गट शेवटून पहिला नाहीतर दुसरा यायचा आणि कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

मला वाटायला लागलं. गुरुवारी कंपनीला सुट्टी, त्यामुळे सुरुवातीला हाताशी वेळ असायचा. सगळी कामं सारख्या गुणांची नसतात, हे माझ्या लक्षात आलं. कमी गुणांचं काम आलं तर ते टाकून द्यायचं, अर्ध्या तासानं त्या जागी दुसरं येतं. शर्यतीच्या आधी पिकं तयार करून शेतात तशीच उभी ठेवायची. गव्हाचं काम हातात आलं की कापणी, दोन मिनिटांत काम पूर्ण. कंपनीत फोन गेटवर जमा करावा लागतो, म्हणून आठ तासांची कामं बसमधून उतरताना लावायची, सुटेपर्यंत तयार होतात. हे सगळं मी गटात लिहीत गेले. बायका ऐकायला लागल्या. दोन-अडीच महिन्यांत आम्ही तिसऱ्या आलो.

त्यानंतर एका सकाळी बसमध्ये ताई म्हणाली, "तूच हो आता प्रमुख. मला एवढं डोकं न्हाई." आणि फोनवर दोनदा बोट दाबून तिनं गट माझ्या हवाली केला. त्या दिवशी मला झालेला आनंद सांगायची आज लाज वाटते. तोवर कुणी मला काहीच चालवायला दिलं नव्हतं. माहेरी नाही, सासरी नाही, कंपनीत तर नाहीच.

पहिल्याच आठवड्यात मी नियम केला : दोन आठवडे कामं अपूर्ण राहिली तर गटातून बाहेर. आमच्या लाइनवर तासातासाचं टार्गेट लिहिलेला फळा टांगलेला असतो. त्या फळ्याला मी रोज मनातल्या मनात शिव्या घालायचे, आणि गटाच्या पाटीवर मी तसंच लिहिलं. दोघींनी कुरकुर केली. ताईनं केली नाही. ती आपली नऊ कामं गुपचूप करायची. तिला त्यात गोडी नव्हती. माझ्यासाठी करत असावी.

थंडीत तिच्या नवऱ्याला कारखान्यात लेथ मशीनवर उभ्या-उभ्या लकवा मारला. त्याला चिंचवडच्या एका दवाखान्यात ठेवलं आणि ताईनं रजा टाकली. पहिल्या दिवशी मी फोन केला. त्यांना बोलता येत नाही पण माणसं ओळखतात, असं तिनं सांगितलं. मी काळजी घ्या म्हणाले. त्या आठवड्यात तिची दोन कामं झाली. पुढच्या आठवड्यात तिनं एकच घेतलं आणि तेही अर्धवट राहिलं. आम्ही दुसऱ्या आलो. ते एक काम झालं असतं तर पहिल्या आलो असतो.

गुरुवारी पोळ्या आटोपल्यावर हात पुसून मी फोन घेतला. साडेबारा वाजले होते. नवरा समोर जेवत होता. मी काय करतेय ते त्याला सांगितलं. "आधी त्यांना एक फोन तरी कर," तो म्हणाला. नियम सगळ्यांना सारखा, असं मी त्याला ऐकवलं. खरं कारण वेगळं होतं. तिचा आवाज ऐकला असता तर माझ्यानं झालं नसतं, आणि मला तर करायचं होतं. तिच्या नावावर बोट ठेवलं. नक्की काढायचं का, असं खेळानं विचारलं. मी 'हो' दाबलं. एक वाजायच्या आत कुणीतरी अनोळखी त्या जागेवर आलं. त्या आठवड्यात आम्ही पहिल्या आलो आणि प्रत्येकीला शेतात ठेवायला एक दगडी कारंजं मिळालं.

दहा-बारा दिवसांनी ताई बसमध्ये आली आणि नेहमीसारखी माझ्याशेजारी बसली. नवऱ्याचा डावा हात अजून हलत नाही, चमच्यानं भरवावं लागतं, मग ते चिडतात, असं सांगत होती. मी हं हं करत होते. चौकात बस अडकली तेव्हा ती त्याच आवाजात म्हणाली, "दुपारी दवाखान्यात आमाला भाईर बाकावर बसवायचे. तितं मी तुमचं बोलणं वाचायचे. कामाबिमात लक्ष न्हवतं माझं. एक दिवस उघडलं तर काईच न्हाई."

मी म्हणाले, "ताई, आजच परत घेते."

"कुणाला काढून?" तिनं विचारलं. रागानं नाही, खरोखरच विचारलं. बस सुटली.

पुढच्या महिन्यात एका गुरुवारी मी फळं घेऊन तिच्या घरी गेले. तिचा नवरा खाटेवर टेकून बसला होता. त्यानं मला ओळखलं, हसायचा प्रयत्नही केला. ताईनं चहा टाकला. मी त्याची विचारपूस करत होते आणि मधूनमधून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. मला ते कळतही नव्हतं. चहाचा कप माझ्या हातात देत ताई म्हणाली, "पी आन् जा. एक वाजंल." तोंड भाजत मी तो चहा संपवला आणि निघाले. रस्त्यात मला रडू आलं, पण घरी पोचले तेव्हा एकला पाच कमी होते आणि मी शर्यत सुरू केली.

सकाळी नवऱ्याला व्यायामाला न्यायचं म्हणून ताईनं नंतर दुसरी शिफ्ट घेतली. आता तिची बस येते तेव्हा आमची निघत असते. गेटवर दिसली तर ती हात वर करते, मीही करते. बसमधल्या बाकीच्या बायका एकेक करून गटातून गेल्या. काही नियमानं, काही आपण होऊन. जागा भरायला अडचण आली नाही. आता गटात सगळे कुठले कुठले लोक आहेत, सगळे नऊच्या नऊ कामं करतात आणि कुणी कुणाला एक अक्षर लिहीत नाही. आम्ही सगळ्यात वरच्या श्रेणीत आहोत. मी माफी मागितली नाही, तिनंही कधी तिची वाट पाहत असल्याचं दाखवलं नाही. खेळ मी सोडलेला नाही. सोडला तर ताईला निदान सांगता येईल असं बरेचदा मनात येतं, आणि मग वाटतं, सांगून तिला काय.