एल्बावर मेलेला नेपोलियन

नेपोलियनला मी एल्बा बेटावर मारलं. पुढच्याच पानावर तो वॉटर्लूची लढाई लढला आणि हरला. शाळेच्या मुलांसाठी लिहिलेल्या माझ्या इतिहासाच्या गाइडात हे दोन्ही छापून आलं आणि पुण्यात कुणालाही खटकलं नाही. अचलपूरच्या शाळेत इतिहास शिकवणाऱ्या रशीदसरांना खटकलं. 'एल्बाहून तो निसटला, वॉटर्लूला हरला आणि पुढे सेंट हेलेना बेटावर वारला,' असं त्यांनी नम्रपणे कळवलं. मी पुस्तक न उघडताच त्यांच्या शाळेच्या पत्त्यावर उत्तर धाडलं, 'शिक्षकांनी आधी स्वतः अभ्यास करावा.' मुख्याध्यापकांनी ते सगळ्या शिक्षकांसमोर वाचलं, सरांचा इतिहास काढून घेतला आणि त्यांना कवायत दिली. हे मला दोन वर्षांनी तिथल्याच एका शिक्षकाकडून कळलं. मग मी पुस्तक उघडलं. त्यानंतरही वर्षभर गप्प बसलो. शेवटी तिकीट काढलं.

सकाळी अमरावतीला उतरलो. राजापेठेत गिला वडा (दह्यात भिजवलेला उडदाचा वडा) खाल्ला. शेजारच्या दुकानात माझ्या गाइडाची चळत होती. मी सहज चाळायला घेतलं.

"बिनधास्त न्या, साहेब," दुकानदार म्हणाला. "छापलेलं हाय, खोटं कसं असन?"

दुसरा वडा मागवला होता, तो तसाच सोडून मी स्टँड गाठला.

अचलपूरच्या एसटीत खिडकी मिळाली. दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, मध्येच संत्र्यांच्या बागा, त्यातल्या काही पार वाळलेल्या. त्या वर्षांत वऱ्हाडात पुण्या-मुंबईचा पाहुणा म्हणजे शेतीची दुर्दशा पाहायला आलेला, असंच लोक धरून चालत. शेजारचे आजोबा माझी बॅग न्याहाळत होते.

"कोन्त्या समितीचे तुमी?"

"समितीचा नाही, आजोबा. नेपोलियनच्या कामासाठी आलोय."

"येऊन गेले असतीन थे बी," आजोबा शांतपणे म्हणाले. "मांगच्या हप्त्यात लय गाड्या आल्या होत्या. फोटू काढले अन् गेले."

दूर मेळघाटचे डोंगर दिसू लागले तसा माझा धीर सुटत गेला. अचलपूरला उतरल्यावर मी आधी परतीच्या गाडीची वेळ विचारली.

रशीदसर घरीच होते. सडसडीत, गळ्यात कवायतीची शिट्टी. माझं नाव ऐकून त्यांनी खुर्ची पुसली, चहा सांगितला. मी हात जोडून माफी मागितली. खूप हलकं वाटलं.

त्यांना वाटलं नाही. "सर, इथं मी अन् तुमी," ते म्हणाले. "पत्र तं तुमी शाळेत धाडलं होतं न? मंग माफी घरात काहून?"

"मी पुण्याहून लेखी पाठवतो."

"तीन वर्सं झाली, पोरायले डावा-उजवा पाय शिकवून राहिलो. मले वर्ग पाह्यजे, सर. चहा घ्या, शाळा भरून राहिली."

माझी गाडी अर्ध्या तासात होती. मी चहा घेतला आणि त्यांच्या मागून निघालो.

शाळेत घोटाळा झाला. गाइडकर्ते आले म्हटल्यावर मुख्याध्यापकांनी शाल आणि नारळ मागवला आणि सगळी शाळा मैदानावर बसवली. मी म्हणालो, "माझ्या पुस्तकात चूक आहे."

"पाहा मुलांनो, केवढी ही नम्रता!" मुख्याध्यापक म्हणाले. टाळ्या पडल्या.

"नाही हो, खरंच चूक आहे."

आणखी टाळ्या. कोपऱ्यात रशीदसर खाली बघत उभे होते. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली, शेजारच्या वर्गातला फळा दोन मुलांकरवी बाहेर आणवला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नेपोलियन सेंट हेलेना बेटावर वारला.' मुख्याध्यापकांच्या हातातला नारळ हातातच राहिला.

मी रशीदसरांकडे वळलो. "सर, तुम्ही बरोबर होतात. मी न बघता तुम्हाला अडाणी ठरवलं आणि चूक कळल्यावरही वर्षभर लपवली. तुमचा वर्ग माझ्यामुळे गेला. या सगळ्यांसमोर मी तुमची माफी मागतो."