रामोनची दुसरी काठी

काल खुर्चीवाल्याने वाकवण्यासाठी वेत ज्योतीवर शेकला आणि त्या वासाने मला ऐंशीच्या दशकातल्या बहरीनमध्ये नेलं. तिथल्या अस्कर गावातल्या कामगारांच्या क्वार्टरमध्ये माझा फिलिपिनो रूममेट रामोन असाच स्टोव्हवर वेताच्या दोन काठ्या शेकून कडक करायचा. मग एकटाच हवेत ठरलेले बारा वार घोटायचा.

"अर्निस, माय फ्रेंड. आमच्याकडची काठ्यांची लढाई. बापाने शिकवलं," असं मोडक्या इंग्रजीत सांगायचा. मला पटायचं नाही. एकट्या माणसाला दोन काठ्या कशाला? मी बॅगेला कुलूप लावून झोपायचो.

एका शुक्रवारी त्याने एक काठी माझ्यापुढे धरली. "यल्ला, चल, मार मला!"

दुसऱ्याच दिवशी मी खोली बदलून घेतली.

पुढे कळलं, अर्निस जोडीनेच शिकतात. एकाने मारायचं, दुसऱ्याने अडवायचं. दुसरी काठी तो माझ्यासाठी शेकत होता.