हाकेला आलेल्या शेरूला मारलं

मंडळी, कॉलनीच्या फळ्यावर सुविचार लिहायची आज माझी पाळी. पण सुविचार लिहायचं तोंड राहिलेलं नाही. सकाळी काय केलं तेच लिहितो.

रविवारचा सिनेमा बघायला माझ्याकडे जमता, तेव्हा आमचा अल्सेशियन शेरू तुम्ही बघितलाच आहे. सहा महिन्यांचं पिल्लू, पण वासराएवढं. 'ये' म्हटलं की यायचं, एवढं शिकवायला मला दोन महिने लागले.

आज फाटक मीच उघडं टाकलं. शेरू थेट शेजारच्या काकूंच्या दारापुढच्या खळ्यात, उन्हात ठेवलेल्या आंबापोळीच्या ताटात उभा. मी ओरडलो, "शेरू, ये!" तो सगळं सोडून शेपटी हलवत धावत आला. आणि चारचौघांत मी त्याला चपलेनं बडवलं.

काकूंनी ताटाकडे पाहिलंही नाही. म्हणाल्या, "मेल्या, तुझ्या हाकेला आला ना तो? मग मारलंस कशाला?"

दुपारी जेवायला हाक मारली. आला. पण पोटावर सरपटत, माझ्या चपलांकडे बघत.

हे त्याला विसरायला कसं लावायचं, कुणाला ठाऊक असेल तर खाली लिहा. खडू इथेच ठेवलाय.